पडद्यावरचं जंगल, समोरची माणसं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चोरबाजारात तुम्हाला एक तपकिरी फोटो मिळाला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. दोन पुरुष उभे, एकाच्या हातात धनुष्य. बाजूला बाई बसलेली, तिच्या पुढ्यात दोनेक वर्षांचं मूल. मागे दाट झाडी. खाली पुठ्ठ्यावर शाईने इंग्रजीत ‘कातकरी, मुंबई’. तुम्ही कर्जतकडच्या एका कातकरवाडीवर शिकवायला जाता. येत्या ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, हा फोटो चार बाय सहा फुटांचा करून, मोबाइलच्या अ‍ॅपवर रंग भरून, खाली ‘आपले पूर्वज’ असं लिहून लावायचा तुमचा बेत आहे. गटातल्या एकाने हरकत घेतली की हा फोटो खोटा आहे, साहेबाने स्टुडिओत उभं केलेलं नाटक आहे, लावू नका. आता तुम्ही विचारताय, फोटो खरा की खोटा?

मी मुंबईत सव्वीस वर्षं जुने फोटो आणि कागद दुरुस्त करतो. कसर लागलेले अल्बम, पावसाळ्यात फ्रेमच्या काचेला चिकटलेले लग्नाचे फोटो, कुणाच्या पणजोबांचं पागोटं उंदरांनी खाल्लेलं, असलं सगळं माझ्या टेबलावर येतं. मधूनच तुमच्यासारखा एखादा फोटोही येतो. तेव्हा हे उत्तर भिंग लावून बघणाऱ्या कारागिराचं आहे, इतिहासाच्या प्राध्यापकाचं नाही, हे धरून वाचा.

खरी-खोटी ही परीक्षा नोटेची. फोटोला ती लावली की आपण फसतो. तुमचा मित्र म्हणतो ते बरोबर आहे, फोटो मांडलेला आहे. पण त्यावरून तो टाकाऊ ठरत नाही. एका दिवशी, एका खोलीत, चार जिवंत माणसं कॅमेऱ्यासमोर होती, एवढं तर त्या कागदावर पक्कं आहे. त्यांना तिथे कुणी आणलं, कुणासाठी आणलं, हातात काय दिलं आणि अंगावर काय घातलं, हे विचारत गेलात की फोटो बोलायला लागतो. आणि सगळ्यात मजेचं म्हणजे, मांडणाऱ्याच्या हातून काय निसटलं ते शोधायचं.

अर्थात मी फक्त तुमच्या मोबाइलवरचे तीन फोटो बघितलेत. मूळ प्रिंट हातात नाही. तो त्या काळातला अस्सल प्रिंट आहे, की नंतर कुणी कॉपी काढलीय, की एखाद्या जुन्या पुस्तकातलं पान कापून चिकटवलंय, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. शाईतला मजकूर फोटोइतकाच जुना असेल असंही नाही. व्यापारी, संग्राहक, साहेबांच्या मडमा, कुणीही नंतर लिहू शकतं. त्यामुळे ‘कातकरी’ हा शब्दसुद्धा सध्या एक दावा म्हणूनच धरा.

आता मांडणीचे पुरावे. तुमच्या दुसऱ्या फोटोत डावीकडच्या पुरुषाच्या टाचांमागे बघा. लोखंडी तिवईचा एक पाय बाहेर डोकावतोय. तो मान धरायचा स्टँड. मागे उभा करून त्याचा चिमटा मानेला लावायचे, म्हणजे माणूस हलत नसे. मग जमिनीकडे बघा. तिथे वाळकं गवत पसरलंय, पण उजव्या कोपऱ्यात गवत विरळ झालंय आणि खालून सतरंजीची किनार दिसतेय. आणि माणसांवर उजेड डावीकडून आलाय, तर मागच्या झाडांवर उजवीकडून. जंगल पडद्यावर रंगवलेलं आहे. रंगाऱ्याने ते रंगवलं तेव्हा त्याच्या डोक्यात सह्याद्री नव्हताच. ती झाडं विलायती वळणाची दिसतात.

पण स्टँड बघून लगेच संतापू नका. तो सगळ्यांनाच लागायचा. १८५१ नंतर तीसेक वर्षं चालली ती ओल्या कलोडियनची पद्धत. काचेवर कलोडियन या चिकट द्रवाचा थर ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. कलोडियनमध्ये ईथर आणि अल्कोहोल असतं, मुंबईच्या उकाड्यात ते बघता बघता उडतं. त्यात फोटो घ्यायला काही सेकंद लागायचे. तेवढा वेळ शेटजींचीही मान चिमट्यात आणि गव्हर्नरसाहेबांचीही. रंगवलेला पडदा, खोटा कठडा, भाड्याचं टेबल हे तेव्हाच्या प्रत्येक स्टुडिओत असे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या फोटोतही तेच आहे, फक्त जंगलाऐवजी महाल.

फरक पडतो तो पुढे. पारशी शेठ स्टुडिओत स्वतःच्या पायांनी गेला, पैसे दिले, टोपी कशी दिसेल ते त्याने ठरवलं, आणि प्रिंट घरी नेऊन दिवाणखान्यात लावला. पुठ्ठ्यावर त्याचं नाव. तुमच्या फोटोतल्या चौघांचं नाव ‘कातकरी’. प्रिंट त्यांच्या घरी गेला नाही, तो कुणाच्या तरी अल्बममध्ये गेला. माझ्या मते सगळी गोम इथे आहे, पडद्यात नाही.

हे मुंबईत कसं सुरू झालं ते थोडं सांगतो, कारण तुमच्या मित्राच्या ‘साहेबाने’ या शब्दात अर्धंच सत्य आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. तिच्यात आपली माणसंही होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यातले नावाजलेले. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ थाटला. याच वर्षांत विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या दोघांनी एक मासिक-अल्बम काढला, १८५६ ते १८५८. दर महिन्याला वर्गणीदाराला तीन खरेखुरे फोटो मिळायचे, त्यात पश्चिम हिंदुस्थानातले पोशाख आणि ‘नमुने’ हे एक मोठं सदर. मग जॉन्सनने त्याच कामातून दोन जाड खंड केले, १८६३ आणि १८६६ साली, मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवर.

त्या खंडांतली युक्ती बघण्यासारखी आहे. माणसांचा फोटो वेगळा घेतलेला, पार्श्वभूमी वेगळी. दोन्ही कापून-जोडून एक चित्र केलेलं. म्हणजे स्टुडिओत उभा केलेला गट शेवटी मुंबईतल्या एखाद्या देवळापुढे किंवा समुद्रकाठी उभा दिसतो. आपण फोटोशॉपला नावं ठेवतो! हे खंड एका अमेरिकन विद्यापीठाने स्कॅन करून खुले ठेवलेत. बघाल तेव्हा पावलांभोवती बघा. माणूस जमिनीवर उभा असेल तर सावली जमिनीला चिकटते. जॉन्सनची माणसं कधी कधी जमिनीच्या दोन बोटं वर तरंगतात.

हे केवळ विक्रीसाठी होतं, त्यामुळे त्यात पारशी, भाटिये, ब्राह्मण सगळेच होते. सरकारी काम आलं १८५७ नंतर. गव्हर्नर जनरल कॅनिंग आणि त्यांच्या पत्नीला इथल्या लोकांचे फोटो आठवण म्हणून हवे होते. बंडानंतर त्याच संग्रहाला सरकारी गरजेचं रूप आलं, ‘कोण कसे दिसतात, कोणावर कितपत भरवसा ठेवावा’ या थाटाचं. लंडनहून १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने त्याचे आठ खंड निघाले, साडेचारशेहून जास्त फोटो, प्रत्येकाशेजारी त्या जमातीच्या स्वभावाचा दाखला दिलेला. अमुक जमात आळशी, तमुक भांडखोर. फोटो तोच, पण शेजारच्या दोन ओळी वाचल्या की चेहरा तसाच दिसायला लागतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी ओळी झाकून फोटो बघायला लावतो.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान, पुढे अलीगढचं कॉलेज काढणारे, मुलाबरोबर लंडनला होते, तेव्हा तोवर निघालेले खंड त्यांनी पाहिले आणि त्यांना फार लाज वाटली. त्यांचा मुलगा महमूद ते चाळत असताना एका तरुण इंग्रजाने त्याला विचारलं, तू हिंदुस्थानी का? महमूद हो म्हणाला, पण लगोलग पुढे जोडलं की आमचे पूर्वज बाहेरून आलेले, आम्ही इथले मूळचे लोक नाही. सर सय्यदनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे अपमान करणारं पुस्तक समोर आहे, आणि अपमानित झालेला माणूस काय करतो, तर तो अपमान आणखी खालच्या पायरीवर ढकलून देतो. तुमच्या फोटोतली माणसं त्या खालच्या पायरीवरची. त्यांना लंडनला जाऊन पुस्तक चाळायची सोय नव्हती.

आणि कॅमेऱ्यामागे नेहमी गोराच असायचा असंही नाही. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातल्या जाती-जमाती आणि धंदेवाल्यांचे फोटो काढले ते शिवशंकर नारायण यांनी. त्यांच्या नावावरूनच कळतं की ते इथलेच. तुमचा फोटो त्यांचा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण ‘साहेबाने केलं’ म्हणून हात झटकायचे असतील तर जरा थांबा. कातकऱ्याला रानटी समजायला कर्जत-पनवेलच्या सावकाराला आणि गिरगावातल्या शिकलेल्या माणसाला साहेबाची गरज नव्हती. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात काचेच्या कपाटांत जाती-जमातींच्या मातीच्या बाहुल्या आहेत, आपण शाळेच्या सहलीत कौतुकाने बघितलेल्या. तीही तीच नजर. मला त्या बाहुल्या अजूनही आवडतात, हेही कबूल करतो.

जगभर हेच चाललं होतं. ऑस्ट्रेलियात ग्राफ्टन गावी जे. डब्ल्यू. लिंट नावाच्या फोटोग्राफरने १८७० च्या दशकात तिथल्या मूळच्या लोकांना स्टुडिओत आणून, भोवती खऱ्या झाडांच्या फांद्या आणि नेचे रचून, मागे रंगवलेला पडदा लावून फोटो काढले. ते अल्बम करून विकले गेले. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आल्बर्ट फ्रिशने १८६० च्या दशकात माणसं आणि नदीकाठ वेगळे घेऊन जॉन्सनसारखेच जोडले. थोडं नंतरचं, १९१० चं उदाहरण तर शाळेत शिकवावं असं आहे. एडवर्ड कर्टिसने अमेरिकेतल्या पीगन लोकांच्या तंबूत दोघांचा फोटो घेतला, त्यांच्या मधोमध एक गजराचं घड्याळ होतं. छापताना त्याने ते खोडून काढलं. जमात ‘प्राचीन’ दिसायला हवी होती, आणि प्राचीन माणसाकडे घड्याळ कसं असेल?

याहून वाईट एक दुसरा प्रकार होता, मोजमापाचा. १८६९ च्या सुमारास हक्स्ली आणि लॅम्प्रे या इंग्रजांनी पद्धत घालून दिली: माणसाला उघडं करून समोरून आणि बाजूने उभं करायचं, शेजारी मोजपट्टी किंवा मागे दोन-दोन इंचांच्या चौकटींची जाळी. आपल्याकडे अंदमानात पोर्टमन या अधिकाऱ्याने १८९० च्या दशकात तिथल्या लोकांचे असे फोटो काढले. ते मी माझ्या वर्गात दाखवत नाही आणि तुम्हीही कुठे लावू नका. अभ्यासाला लागले तर अभ्यासकाने बघावेत. तुमचा फोटो त्या जातीचा नाही. तो देखाव्याचा आहे, त्याच्यात गोष्ट सांगायचा प्रयत्न आहे.

कोणती गोष्ट? धनुष्य, पडद्यावरचं जंगल, अर्धं उघडं अंग. म्हणजे शिकारी, रानातला, काळाच्या बाहेरचा माणूस. आता ‘कातकरी’ या नावाकडे बघा. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून कात काढणारा तो कातकरी. विड्यातला कात. म्हणजे हा माणूस कारागीर होता, बाजाराशी बांधलेला होता, त्याचा माल मुंबईपर्यंत पानाच्या ठेल्यावर जात होता. फोटोत ना खैर आहे, ना भट्टी, ना मडकं, ना कुऱ्हाड. आणि वर्षं कोणती? १८६५ चा जंगल कायदा, मग १८७८ चा. खैर तोडण्यावर बंधनं आली, रान सरकारच्या ताब्यात गेलं. ज्या दशकांत खऱ्या जंगलाचं दार कातकऱ्यांना बंद होत होतं, त्याच दशकांत स्टुडिओत त्यांच्या मागे रंगवलेलं जंगल टांगलं जात होतं. तुमच्या प्रदर्शनात मी तरी हेच सगळ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं.

आता रंगाचं. याबद्दल तुम्ही एकाच वाक्यात विचारलंय, पण माझ्या दृष्टीने ती सगळ्यात मोठी चूक ठरेल. अ‍ॅपने रंग भरू नका.

कलोडियनला सगळे रंग सारखे दिसत नाहीत. निळा त्याला फार लवकर दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणून त्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं असतं. काही वर्षांपूर्वी मी हौसेने एका कार्यशाळेत ही पद्धत शिकलो आणि घरच्यांनाच उन्हात बसवून फोटो घेतले. भाच्याचा गडद निळा टी-शर्ट पांढराफट्ट आला. बायकोच्या कपाळावरचं कुंकू काळं ठिक्कर, जणू कपाळाला भोक पडलंय. तिची लाल काठाची साडी सगळी काळी. आणि आमच्या सगळ्यांचे चेहरे आरशात दिसतात त्याहून बरेच सावळे, गालावरचा प्रत्येक डाग उठून आलेला. भाच्याला वाटलं मी काहीतरी बिघडवलं. बिघडलं काही नव्हतं. आपल्या कातडीत तांबूस-पिवळा रंग असतो, तो कलोडियनला काळोखासारखा दिसतो. गोरी कातडीही त्यात काळपटते, पण गव्हाळ-सावळी फारच.

म्हणजे तुमच्या फोटोतली माणसं कोळशासारखी काळी दिसतायत ती रसायनामुळे. प्रत्यक्षात किती सावळी होती ते फोटोवरून सांगता येणार नाही. आणि बाईचं लुगडं फिकं दिसतंय म्हणून ते पांढरं होतं असंही नाही. निळीत रंगवलेलं असेल तरी असंच येईल. अ‍ॅपला यातलं काही ठाऊक नसतं. ते राखाडी छटा बघून अंदाज करणार: कातडी काळीकुळकुळीत, लुगडं पांढरं, झाडं हिरवीगार. म्हणजे स्टुडिओने एकदा मांडलं, रसायनाने दुसऱ्यांदा, आणि आपण तिसऱ्यांदा. वाडीवरची पोरं ते बघून म्हणणार, आपले लोक असे होते. तपकिरीच राहू द्या.

आता माझीच एक फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या प्रदर्शनासाठी मी असाच एक फोटो दुरुस्त करून दिला होता, आणि पाटीचा मजकूरही उत्साहाने मीच लिहिला: ‘आदिवासी जोडपे, पारंपरिक वेशात, दुर्मीळ अस्सल छायाचित्र’. उद्घाटनाला डहाणूकडून काही पाहुणे आले होते, त्यात एक सत्तरीची बाई होती. ती फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली आणि हसायला लागली. मी विचारलं, काय झालं आजी? ती म्हणाली, “लुगडं दुकानातलं हाय. घड्या दिसतात बघ.” मी आठ दिवस तो फोटो भिंगाखाली घासत होतो, एकेक डाग काढत होतो, आणि लुगड्यावरच्या त्या उभ्या-आडव्या घड्या मी कागदाच्या सुरकुत्या समजून चक्क बुजवायला निघालो होतो. कोरं कापड, फोटोसाठी आणून दिलेलं, तिथल्या तिथे नेसवलेलं. मग तिने पुरुषाच्या हातातला कोयता दाखवला. कोयता असा हातात धरून कोण उभं राहतं? तो कंबरेला मागे आकडीत अडकवायचा असतो, हात मोकळे पाहिजेत. आकडीच नव्हती. स्टुडिओवाल्याला कोयता ठाऊक होता, आकडी ठाऊक नव्हती.

मला वाटलं आता ती म्हणणार, काढा हा फोटो. पण ती पुढे वाकून पाय बघायला लागली. बाईच्या पायाची बोटं फाकलेली, टाचेला भेग, एका घोट्यावर जुना व्रण. ती तिच्याबरोबरच्या मुलीला तिच्या बोलीत काहीतरी सांगत राहिली, मला ते नीट कळलं नाही. जाताना मला एवढंच म्हणाली की बाईला तहान लागलीय, तिचे ओठ बघ. दुसऱ्या दिवशी मी पाटी बदलली.

तेव्हापासून माझी बघायची पद्धत बदलली. आधी सगळं दिलेलं बाजूला काढायचं: पडदा, गवत, शस्त्र, नवं कापड, बसवण्याची ऐट. मग उरतं ते बघायचं. हात-पाय, नजर, अंगावरचे व्रण, गोंदण, गळ्यातला मण्यांचा सर जो घासून झिजलाय आणि म्हणून तो तिचा स्वतःचा असावा. तुमच्या फोटोत मुलाचं डोकं धूसर आलंय. मानेचा चिमटा पोराला लावता आला नाही, ते हललं. आणि त्याने आईची करंगळी धरलीय. ते कुणी मांडलेलं नाही. फोटोग्राफरने नक्कीच कपाळावर हात मारून घेतला असेल, पण काच ओली होती, दुसरी करायचा कंटाळा आला असेल, किंवा एवढं चालतं म्हणून ठेवली असेल. माझ्या मते अख्ख्या फोटोतला सगळ्यात विश्वासाचा भाग तोच.

आता कामाचं. प्रिंट अस्सल जुना आहे का, हे घरी बघता येतं. दहा पटीचं भिंग घ्या, दागिने पारखायचं चालतं. चित्रात एकसारखे ठिपके दिसले तर ते छापील पान, मग पुस्तक शोधावं लागेल. कागदाचे तंतू दिसले, वर पातळ चकाकी, उजळ भाग पिवळट आणि पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा, तर तो बहुधा अंड्याच्या पांढऱ्यातला, अल्ब्युमेन प्रिंट. तोच कागद १८५० पासून शतक संपेपर्यंत चालला. तो इतका पातळ असतो की सुटा ठेवला तर सुरळी होतो, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. पुठ्ठ्याचं माप घ्या. साडेसहा बाय सव्वाचार इंचांच्या आसपास असेल तर ते कॅबिनेट कार्ड, म्हणजे १८६६ च्या आधीचं नाही.

पुठ्ठ्यावरून प्रिंट सोडवू नका. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच, आणि दुकानदार ‘साफ करून देतो’ म्हणाला तर त्याच्या हातात देऊ नका. अल्ब्युमेनवर ओला बोळा फिरवला की पिवळेपणाबरोबर चित्रही निघतं. स्कॅन बाराशे डीपीआयवर करा, पुढून आणि मागून. कॅबिनेटच्या मापाच्या प्रिंटवरून तेवढ्या स्कॅनमध्ये चार बाय सहा फूट चालून जाईल, फार जवळून बघितलं नाही तर. मूळ प्रिंट वाडीवर नेऊ नका. ऑगस्टचा पाऊस, मंडपातली ओल, एका दिवसात बुरशी धरेल.

मोठा करताना कापू नका, ही माझी आग्रहाची विनंती. डिझायनर हमखास म्हणेल की स्टँडचा पाय घालवू, सतरंजीची किनार कापू, पुठ्ठ्यावरचा इंग्रजी मजकूर काढू, ‘क्लीन’ दिसेल. कर्टिसने घड्याळ खोडलं ते हेच. पुठ्ठ्यासकट, शाईसकट, सतरंजीसकट छापा.

‘आपले पूर्वज’ मात्र लिहू नका. हे चौघं कुठले, कुणाचे, खरोखर कातकरी होते का, काहीच नोंद नाही. आगगाडी सुरू झाल्यावर लाकूडफाटा विकायला मुंबईत आलेल्यांपैकी असतील, कुणी चार आणे देऊन बोलावलं असेल, कुणा अंमलदाराच्या हुकमाने आली असतील. तिन्ही गोष्टी तेव्हा घडत. मी लिहिलं असतं तर असं: ‘स्टुडिओत काढलेला फोटो, बहुधा एकोणिसावं शतक. पुठ्ठ्यावर इंग्रजीत कातकरी असं लिहिलेलं आहे. माणसांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. मागचं जंगल रंगवलेलं आहे.’ बास.

आणि लावायचा की नाही हे मी ठरवू नये, तुमच्या मित्राने ठरवू नये, आणि माफ करा, तुम्हीही नाही. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी साध्या कागदावर एक प्रिंट काढून वाडीवर जा. जुन्या बायकांच्या हातात द्या आणि गप्प बसा. ‘हे स्टुडिओतलं आहे’ वगैरे आधी सांगू नका. त्या काय बघतात ते लिहून घ्या. कदाचित म्हणतील, लावू नका, आमची शोभा होते. मग नका लावू. कदाचित धनुष्य कसं उलटं धरलंय ते सांगतील आणि हसतील. मग ते बोलणं फोटोशेजारी लावा, त्यांची नावं घालून, त्यांना चालत असेल तर. एक गोष्ट मी दोन ठिकाणी केलीय आणि ती जमली: त्याच दिवशी जाताना छोटा प्रिंटर घेऊन गेलो, घरटी एक फोटो काढला, जसे त्यांना उभं राहायचं होतं तसे, आणि प्रिंट तिथेच हातात दिला. एका आजोबांनी मुलाचा गॉगल मागून घातला. मी काही बोललो नाही.

तूर्त मला एक पाठवाल का? प्रिंट मागच्या बाजूने, टेबलावर सपाट ठेवून, टॉर्च अगदी आडवा धरून काढलेला फोटो. तुमच्या तिसऱ्या फोटोत पुठ्ठ्याच्या मागे खालच्या कोपऱ्यात काहीतरी उठाव दिसतोय. स्टुडिओचा शिक्का असेल तर आडव्या उजेडात वाचता येईल, आणि मग कोणत्या वर्षांतला आहे ते बरंच जवळ आणता येईल.